आरपीजीत स्क्रीन फिरवावी की ग्रॅव्हिटी?

ऐरोलीतले तिघे जण एक रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, बनवतायत. गोष्ट ठाण्यातली: मासुंदा तलावाच्या प्रतिबिंबात दुसरं ठाणं आहे आणि नायिकेला तिथे जाऊन भावाला परत आणायचंय. वरून दिसणारे, टाइल्सचे (छोट्या चौकोनी चित्रांचे) नकाशे बरेचसे तयार आहेत. आता वाद असा की खेळण्यात नवेपणा कशाने आणायचा. एक जण म्हणतो, बटण दाबलं की सगळी स्क्रीन ९० अंशांत फिरू दे. दुसरीचं म्हणणं, स्क्रीन जागच्या जागी ठेवा, ग्रॅव्हिटीची दिशा बदला. तिसरा दोन्ही घ्या म्हणतो, कारण कोड त्याला लिहायचा नाही.

असा निर्णय ज्यांच्यासमोर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. फोन आडवा-उभा धरण्याबद्दल हे नाही. खेळणारा मुद्दाम जग फिरवतो, त्याबद्दल आहे.

रिकाम्या खोलीत एकच पात्र असेल, तर या दोन कल्पना जवळपास एकच आहेत. खोली ९० अंश फिरवा आणि पात्राला स्क्रीनच्या तळाकडे पडू द्या, किंवा ग्रॅव्हिटी भिंतीकडे वळवून कॅमेराही तितकाच वळवा. पात्र त्याच कोपऱ्यात पडणार. ‘अँड येट इट मूव्हज’ (२००९) मध्ये खेळणारा जग फिरवतो. ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’ (२०१०) मध्ये स्क्रीन स्थिर राहते, उडी मारायचं बटणच नाही, त्याऐवजी ग्रॅव्हिटी उलटते. दोन्ही उत्तम, पण दोन्हींत आपण जवळजवळ एकटे असतो. आरपीजीत तसं नसतं. दुकानदार असतो, पहारेकरी असतो, काम सांगणाऱ्या आजी असतात. स्क्रीन फिरली तर या लोकांना पत्ताही लागत नाही. ग्रॅव्हिटी फिरली तर ते सगळे पडतात. माझ्या मते निवड इथेच ठरते: बदल फक्त खेळणाऱ्याच्या नजरेत हवाय की त्या जगात?

आधी स्क्रीन. आरपीजीत ही गोष्ट जुनी आहे. ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ (१९९७) मध्ये रणांगण फिरवून इमारतीमागचा शत्रू पाहता येतो. ‘ग्रँडिया’ (१९९७) आणि ‘झेनोगियर्स’ (१९९८) मध्ये पात्रं सपाट चित्रांची, पण भोवतालचा परिसर फिरवता येतो. ‘फेझ’ (२०१२) आरपीजी नाही, पण त्याने ९० अंशांच्या वळणावर अख्खा खेळ उभा केला. या सगळ्यांत फिरवल्यावर नवीन काही दिसतं, कारण खाली त्रिमितीय नकाशा आहे. तुमच्याकडे टाइल्स असतील, तर फिरवून तेच चित्र आडवं दिसेल. मागे काही दडलेलंच नाही, मग फिरवायचं कशाला?

शिवाय खर्च वाटतो त्याहून जास्त. गोडो या गेम इंजिनमध्ये कॅमेऱ्याचं ‘इग्नोर रोटेशन’ बंद केलं की स्क्रीन फिरते, काम एका ओळीचं. पण वरून दिसणाऱ्या टाइल्समध्ये भिंतीची समोरची बाजू रंगवलेली असते. स्क्रीन फिरली की दुकानाचं शटर आडवं लोळतं, दिव्याचा खांब झोपतो. पात्रांची चित्रं उलट दिशेने तेवढीच फिरवून उभी ठेवता येतात, इमारतींना मात्र चारही बाजूंची चित्रं लागतात. कोण पुढे आणि कोण मागे हे ‘वाय-सॉर्ट’ ठरवतं, पण ते नकाशाच्या वाय अक्षावर, तुमच्या डोळ्यांच्या खालच्या दिशेवर नाही. त्यामुळे फिरवल्यावर नायिका झाडाच्या पुढे असूनही मागे दिसते. तो क्रम स्वतःच लावावा लागतो.

कोपऱ्यांचंही बघा. ६४० बाय ३६० ची स्क्रीन फिरत असताना काळे कोपरे दिसू द्यायचे नसतील, तर लांबी-रुंदी दोन्हींत कर्णाएवढा, म्हणजे सुमारे ७३५ पिक्सेलचा नकाशा भरलेला हवा. घराच्या आतल्या छोट्या खोल्यांत तो नसतो. संवादांची अक्षरं वेगळ्या लेयरवर ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि रफार आडवे वाचायला लागतील. वरचं बटण म्हणजे स्क्रीनची वरची बाजू की नकाशातली उत्तर, हेही ठरवा. मी स्क्रीनची बाजू घेईन. काहींना फिरणारी स्क्रीन पाहून गरगरतं, म्हणून फिरणं बंद करून थेट नवी दिशा दाखवणारा पर्याय सेटिंग्जमध्ये हवाच.

आता ग्रॅव्हिटी. आरपीजीत ती बहुतेकदा नुसता मंत्र म्हणून येते. ‘फायनल फँटसी’मध्ये ग्रॅव्हिटीचा मंत्र शत्रूच्या उरलेल्या ऊर्जेचा ठरावीक हिस्सा कापतो. आकड्यांत हुशार कल्पना, पण त्यात पडत कुणीच नाही. जग खरोखर पाडणारा खेळ म्हणजे ‘ग्रॅव्हिटी रश’ (२०१२). तो अ‍ॅक्शनच्या अंगाने जातो, तरी शिकण्यासारखा आहे. नायिकेने गर्दीत ताकद वापरली की जवळचे पादचारीही तिच्याबरोबर उचलले जातात, आणि ताकदीची पट्टी संपली की ती खाली येते. यातली पट्टी आरपीजीवाल्यांच्या ओळखीचीच आहे: ग्रॅव्हिटीला मंत्रांसारखी किंमत लावा, पातळी वाढेल तशी दिशा वाढवा. सुरुवातीला फक्त वर-खाली, आणि भिंतींवर चालणं बऱ्याच नंतर.

वरून दिसणाऱ्या नकाशात मात्र ग्रॅव्हिटी स्क्रीनच्या आत ओढत असते. ती उत्तरेकडे वळवली की सगळे उत्तरेच्या भिंतीवर जाऊन आपटतात आणि रस्ता अचानक खोल विहीर होतो. मासुंदाच्या काठी, तलावपाळीवर संध्याकाळी एवढी गर्दी असते, ती कुठे जाणार? गोष्टीत याचं उत्तर नसेल, तर गावात ग्रॅव्हिटी बदलू देऊच नका. बाजूने दिसणाऱ्या दृश्यात ती सहज बसते. गोडोमध्ये पात्राची ‘अप डायरेक्शन’ बदलली की जमीन कुठली हे इंजिनला कळतं. ओढ कुठल्या दिशेने लावायची, ते मात्र तुमच्या कोडने ठरवायचं.

खरी डोकेदुखी अडकण्याची. ४० बाय ३० चौकटींच्या खोलीत १,२०० जागा, आणि चार दिशा धरल्या तर ४,८०० अवस्था. त्यांतल्या एखाद्या अवस्थेतून बाहेर पडता येत नसेल, आणि खेळणाऱ्याने नेमकं तिथेच सेव्ह केलं, तर त्याचे कित्येक तास पाण्यात. हाताने तपासत बसू नका. प्रत्येक अवस्थेतून कुठे पडता येतं हे लिहून, दारापर्यंत वाट आहे का ते शोधणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. एवढ्या अवस्था संगणक क्षणात संपवतो. दोनच दिशा ठेवल्या तर हे काम निम्म्यावर येतं. सेव्ह फाइलमध्ये ठिकाणाबरोबर दिशाही साठवा. हे विसरणारे खूप.

फोन तिरका करून ग्रॅव्हिटी बदलायचा मोह मुंबईकरांसाठी तरी टाळा. फोनमधल्या सेन्सरला पृथ्वीची ओढ आणि गाडीचा हिसका वेगळे कळत नाहीत. ट्रान्स-हार्बर लोकलने दर सेकंदाला सेकंदागणिक एक मीटरने वेग कमी केला, तर फोन सहा अंश झुकल्यासारखं वाचन येतं. ठाणे ते वाशी नायिका प्रत्येक स्टेशनला घसरणार. बटणच बरं.

दोन्ही एकत्र घेण्याबद्दल: ग्रॅव्हिटीमागोमाग स्क्रीनही फिरवली, तर पायाखालची बाजू कायम तळाशीच राहते. खोली अनोळखी दिसते, पण आपण छतावर चालतोय ही गंमत निघून जाते. कामाचा खर्च मात्र दोन्हींचा. म्हणून तिसऱ्याचा प्रस्ताव मी सोडून देईन.

त्रिमितीय नकाशा असेल आणि खेळ शोधाशोधीचा असेल, तर स्क्रीन फिरवणं घ्या. टाइल्स असतील आणि गोष्टीत उलटं जग असेल, तर ग्रॅव्हिटी. ऐरोलीच्या टीमला माझं सांगणं दुसरंच आहे, तेही आवर घालून. वरचं ठाणं आहे तसं राहू द्या, तिथे काहीच फिरायला नको. तलावात उतरल्यावर दृश्य बाजूने दाखवा आणि ग्रॅव्हिटीच्या दोनच दिशा ठेवा. पाण्याखालच्या माणसांना कुठली दिशा खरी वाटते, ते संवादांत येऊ द्या. नायिका उलटली की तिथला चहावाला तिला ‘उलटी पोरगी’ म्हणेल आणि किटली धरून ठेवायला लावेल. असले प्रसंग स्क्रीन फिरवून मिळत नाहीत.

चित्रं काढण्याआधी करड्या ठोकळ्यांच्या दोन खोल्या बनवा, एकीत माणूस ठेवा, एक रिकामी. ओळखीच्या चार-पाच जणांना न समजावता खेळू द्या. माणूस असलेल्या खोलीत ते जास्त रेंगाळले, तर तलावाजवळच्या कोपिनेश्वर मंदिराचा उलटा कळस रंगवायला घ्या.