नकाशातलं ‘ग्रॅव्हल’ आणि माझा फाटलेला टायर : ८ महिने वापरून झाल्यावर

गेल्या रविवारी मागच्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, फाटली आणि १४ किलोमीटर सायकल ढकलत यावं लागलं, साडेतीन तास, म्हणून आज लिहायला बसलोय, नाहीतर ‘लिहू लिहू’ करत ८ महिने घालवलेच होते. काप अंगठ्याच्या नखाएवढा. ट्यूबलेस टायरच्या भोकात कोंबायचा रबरी प्लग ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या जाड भागात, बसतो, साइडवॉलमध्ये जाड रबरच नसतं त्यामुळे तो धरत नाही, दोन घातले, दोन्ही फुर्रकन बाहेर आणि आतलं भोक बुजवणारं पातळ सीलंट सगळं माझ्या पोटरीवर. स्पेअर ट्यूब होती पण कापाला आतून लावायचा तुकडा नव्हता, तो मीच वजन कमी करायच्या नादात बॅगेतून काढून ठेवलेला. शेवटी प्लास्टिकच्या रॅपरची चार पदरी घडी लावली, ती जेमतेम ५०० मीटर टिकली, मग ट्यूबचा फुगा बाहेर आला आणि ठाप.

सायकल नेहमीसारखीच, ४० एमएम रुंद टायर, गिअरचे दात पुढे ४६-३०, मागे ११-३४, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. हा रिव्ह्यू सायकलचा नाहीच, रूटचा आहे. म्हणजे डोंगरातले ज्यांवर मोटारगाडी येत नाही असे कच्चे रस्ते, आणि ते शोधायला मी जे पैसे भरून ॲप घेतलं त्याचा.

आधी चांगलं सांगतो आणि पटकन सांगतो, कारण भांडण पुढे आहे. शांतता खरीच आहे, मागून हॉर्न नाही, आरशात बघणं नाही, वळणावर छातीत धस्स होत नाही. लाकडाच्या ट्रकसाठी काढलेले जंगलातले रस्ते चढाला सगळ्यात बरे, कारण भरलेला ट्रक चढायचा म्हणून रस्ता वळणं घेत घेत नेलेला असतो, लांब पडतो पण गुडघे वाचतात. बंद पडलेल्या रेल्वेलाइनवरचे मार्ग तर त्याहून सोपे, रेल्वेला चढ सोसतच नाही ना. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा जुन्या लाइनी सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी मोकळ्या करतायत, व्हियास व्हेर्देस म्हणतात त्यांना. मात्र बोगद्यासाठी दिवा न्या, दिवसासुद्धा.

एक गोष्ट मला आधी कळली नव्हती. गाड्या नाहीत म्हणजे रस्ता चांगला, असं मी धरून चाललो होतो. अर्धंच खरं निघालं. रस्त्यावर आडव्या लाटा पडतात ना, पत्र्यासारख्या, त्या वेगाने जाणाऱ्या चाकांनी पडतात, त्यामुळे गाड्या नसतील तर लाटा नाहीत हे बरोबर. पण रस्ता दाबून घट्ट कोण करतं? गाड्याच. पाच-सात वर्षं एकही चाक फिरलं नाही की मधे गवत, कडेला शेवाळ, पावसाचं पाणी चाकोरीतून वाहून ओघळी, आणि दगड सुटे. सगळ्यात मस्त रस्ते मला ते वाटले जिथे आठवड्यातून एखादा ट्रॅक्टर जातो. एकदम शून्य गाड्या नकोतच.

आता मुद्दा. ॲपमध्ये कच्चा रस्ता तपकिरी दिसतो आणि त्यावर ‘ग्रॅव्हल’ लिहिलेलं असतं, मी समजलो दाबून बसवलेली बारीक खडी. रविवारचा ९ किलोमीटरचा पट्टा असाच तपकिरी. प्रत्यक्षात काय, तर मुठीएवढी टोकदार खडी, रेल्वेच्या रुळाखाली असते तशी, रोलर न फिरवता नुसती ओतलेली. टायरमध्ये हवा २८ पीएसआय, तशीच घेऊन मी त्यात घुसलो आणि पुढचं वर सांगितलंच. घरी आल्यावर ॲपच्या सपोर्टला लांबलचक मेल टाकला, फोटो जोडले, टायरच्या पैशांचा उल्लेख मुद्दाम दोनदा केला. तीन दिवसांनी उत्तर, नकाशाचा डेटा लोक भरतात, आमची जबाबदारी नाही. मी चिडून परत लिहिलं. तेच उत्तर परत आलं, शब्दाचाही फरक नाही.

मग म्हटलं बघू तरी कोणी काय भरलंय. डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा, २००४ पासून चालू असलेला फुकट नकाशा, कोणीही बघू शकतं, कोणीही दुरुस्त करू शकतं. तो पट्टा उघडला, सर्फेस (पृष्ठभाग) : ग्रॅव्हल. त्यांच्या विकीवर, म्हणजे माहितीच्या पानांवर, ग्रॅव्हलची व्याख्या वाचली आणि गप्पच बसलो. तिथे ग्रॅव्हल म्हणजे फोडलेली, धारदार कडांची खडी, उदाहरण म्हणून चक्क रेल्वेचं बॅलास्ट दिलंय! आपण सायकलवाले ज्याला ग्रॅव्हल म्हणतो, ती दाबून बसवलेली बारीक खडी आणि माती, तिला तिथे ‘कॉम्पॅक्टेड’ म्हणतात, आणि बागेतल्या वाटेसारखी असेल तर ‘फाइन ग्रॅव्हल’. म्हणजे ज्याने भरलं त्याने अगदी बरोबर भरलं होतं. चुकलो मी. किंवा ॲप चुकलं, कारण ते तिन्हींना एकच तपकिरी रंग देतं. इथे माझा राग अर्धा उतरला आणि उरलेला अर्धा ॲपवर पक्का बसला, पैसे घेऊन तीन वेगळ्या गोष्टी एका रंगात दाखवता म्हणजे काय? त्यात सगळेच भरणारे विकी वाचून भरत नाहीत, काही जण छान दाबलेल्या रस्त्यालाही ग्रॅव्हलच लिहितात, त्यामुळे एकट्या त्या शब्दावर जाऊच नका.

सर्फेसशिवाय आणखी दोन टॅग, म्हणजे रस्त्याला जोडलेल्या नोंदी, बघायचे. एक ट्रॅकटाइप, ग्रेड १ ते ५, १ म्हणजे टणक आणि ५ म्हणजे नुसती मऊ माती. माझ्या सायकलला २ झकास, ३ कोरड्यात ठीक, ४ ला पावसानंतर चिखल ब्रेकपर्यंत. दुसरा स्मूथनेस, रस्ता किती गुळगुळीत ते, त्यात खरोखर ‘हॉरिबल’ आणि त्याच्याही खाली ‘व्हेरी हॉरिबल’ अशा अधिकृत पायऱ्या आहेत, पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोणीतरी चेष्टा केली असं वाटलं. आणि गाडी येते की नाही हे रस्ता बारीक दिसतो म्हणून ठरवू नका, ‘मोटर व्हेइकल : नो’ आहे का बघा. ‘ॲक्सेस : प्रायव्हेट’ असेल तर फाटकापासून परत फिरायचं, मी दोनदा फिरलोय.

चढाईच्या आकड्याचंही जाताजाता सांगतो. ५२ किलोमीटरच्या रूटला ॲप १६४० मीटर चढ दाखवत होतं, हँडलवरच्या माझ्या सायकल कॉम्प्युटरच्या बॅरोमीटरवर (हवेच्या दाबावरून उंची मोजतो) ११८० आले. अशा ठिकाणी उंची बहुतेक २००० सालच्या स्पेस शटल मोहिमेतल्या रडार मापातून घेतात, ३० मीटरच्या चौकोनांची जाळी. ३० अंशांच्या उतारावरून आडवा जाणारा रस्ता नकाशात १५ मीटर जरी बाजूला सरकला तरी उंचीत साडेआठ मीटरचा फरक, असं प्रत्येक वळणाला झालं की खोटे चढउतार साठत जातात. फायदा आपलाच, धरलं होतं त्यापेक्षा कमी दमतो, म्हणून यावर मेल टाकला नाही.

आता मी रूट ब्राउटर नावाच्या रूट आखायच्या साधनावर आखतो. फुकट आहे. दिसायला रूक्ष, पण रूट कसा निवडायचा ते एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि ती आपण बदलू शकतो. जो रस्ता ‘स्वस्त’ तो ते आधी निवडतं, म्हणून मी कॉम्पॅक्टेडला स्वस्त केलं, ग्रॅव्हलला महाग, ग्रेड ५ इतका महाग की त्याने तिकडे बघूही नये. एक संध्याकाळ गेली, दोन कंस विसरलो म्हणून चालतच नव्हतं. आता जीपीएक्स, म्हणजे रूटची फाइल, काढायची आणि सायकल कॉम्प्युटरमध्ये टाकायची. ॲपचं ऑटो रिन्यूअल बंद केलंय, पण चार महिने शिल्लक आहेत आणि पैसे भरलेत म्हणून ते मी रोज उघडतो, निदान हवामान तरी बघतो.

अँड्रॉइडवाल्यांनी स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप टाकून घ्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशात जिथे माहिती नसते तिथे ते विचारतं, हा रस्ता कशाचा आहे, फोटो बघून उत्तर दाबायचं. दम खायला थांबलो की दोन-तीन उत्तरं देऊन टाकतो. रविवारच्या त्या पट्ट्याला मी स्मूथनेस ‘व्हेरी बॅड’ टाकलाय. ‘हॉरिबल’च टाकणार होतो, पण ती पायरी उंच आणि दणकट गाड्यांच्या रस्त्यासाठी आहे असं वाचलं आणि मन मारून खरं ते भरलं.

नवीन टायर ४५ एमएमचा मागवलाय, जाड साइडवॉलचा. फ्रेममध्ये बसतो का ते अजून मोजलेलं नाही.