मुलींना फी माफ आहे, पण प्रवेश कोणत्या दारानं झाला ते आधी बघा

माझ्या धाकट्या बहिणीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात आमचे ८६,५०० रुपये गेले आणि तिचं एक वर्ष गेलं. मी लातूरच्या बाजार समितीत एका आडतीवर मुनीम आहे. गाव निलंगा तालुक्यात, घरी पाच एकर कोरडवाहू. हातात पट्टी, म्हणजे मालाच्या हिशेबाची पावती, पडल्याशिवाय शेतकरी आडतीवरून हलत नाही, हे मी रोज बघतो, त्या पट्ट्या मीच लिहितो. पण घरच्या कामात चाळीस हजार रोख मोजून दिले आणि पावती मागितली नाही. लिहायला जड जातंय. तरी बारावीचे निकाल लागले की तीच माणसं पुन्हा टेबल-खुर्ची टाकून बसतात, म्हणून सगळं लिहितोय.

गोष्ट २०२४ ची. धाकटीनं सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, दिली, पर्सेंटाइल बऱ्यापैकी आलं. कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत तिला छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची जागा लागली. तिला कॉम्प्युटर पाहिजे होतं, म्हणून ती नाराज. त्याच आठवड्यात शिकवण्यांच्या भागातल्या एका 'करिअर मार्गदर्शन' ऑफिसचं नाव कुणीतरी सांगितलं. बाहेर फ्लेक्स, आत कूलर, भिंतीवर पोरांचे फोटो. तो माणूस तिशीतला, बोलायला गोड. आमच्या वडिलांना, अप्पांना, 'काका', मला 'भाऊ', धाकटीला 'ताई'. त्यानं ड्रॉवरमधून लॅमिनेट केलेलं वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि अप्पांपुढं ठेवलं.

"काका, पोरगी हाय ना तुमची? मग फी कशाची भरता? सरकारनं माफ केलीय. हे बघा, मी नाही म्हणत, पेपर म्हणतोय."

कात्रण खरं होतं. म्हणूनच आम्ही फसलो. राज्य सरकारनं ८ जुलै २०२४ ला निर्णय काढला होता: इतर मागास वर्ग, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आमच्याकडं उत्पन्नाचा दाखला होता, जातीचा होता, नॉन-क्रीमी लेयर होतं. सगळं बसत होतं.

त्या कात्रणात एक गोष्ट नव्हती आणि आम्हीही कुणाला विचारली नाही. ही माफी मिळते ती सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतलेल्या मुलींना. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावरून प्रवेश घेतला तर एक रुपयाही माफ होत नाही. अभिमत, खाजगी आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तर या योजनेतच नाहीत. कॉलेज तेच, वर्ग तोच, बाकावर शेजारी बसलेल्या पोरीची फी शून्य आणि तुमची सव्वा लाख, असं होऊ शकतं. शेजारची कॅपच्या दारानं आलेली असते, एवढाच फरक.

खाजगी विनाअनुदानित कॉलेजात काही जागा संस्थेला स्वतः भरायला दिलेल्या असतात. शिवाय कॅपच्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागाही कॉलेजच भरतं. हे कायदेशीर आहे, त्यात चोरी नाही. चोरी ही, की ती जागा 'फी माफीची' म्हणून विकली जाते.

तो एजंट म्हणाला, "संभाजीनगरची जागा घेऊच नका. पुण्यात कॉम्प्युटर देतो. फक्त सीट पक्की करायचे चाळीस, आणि स्कॉलरशिपची फाईल करायचे साडेअकरा. कॉलेजात पस्तीस डिपॉझिट भरा, बाकीचं सरकार भरतंय." अप्पा माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली. आईच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवून चाळीस हजार उचलले. साडेअकरा हजार फोनवरून पाठवले. कॉलेजचे पस्तीस मी आडतीच्या शेठकडून घेतले, पुढं येणाऱ्या आमच्या सोयाबीनवर उचल म्हणून. कॅपची जागा स्वीकारायची मुदत निघून गेली आणि आम्ही पेढे वाटले.

त्यानं आणखी काय काय नेलं ते सांगतो, कारण पैशापेक्षा ते वाईट. सीईटी सेलच्या लॉगिनचा पासवर्ड. मूळ टीसी आणि मूळ गुणपत्रिका. धाकटीचं आधार आणि दोन वेळा अंगठा, 'स्कॉलरशिपची केवायसी' म्हणून. फोनवर ओटीपी यायचे, ती वाचून दाखवायची. आम्हाला वाटलं, माणूस काम करतोय.

डिसेंबरात कॉलेजनं ९३,००० रुपये बाकीची नोटीस दिली. धाकटीचा रात्री फोन आला, आवाज बसलेला. एजंट म्हणाला, "स्कॉलरशिप उशिरा येते, कॉलेजला थांबायला सांगा." मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेलो.

कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर पन्नाशीच्या एक मॅडम होत्या. मी फाईल पुढं केली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कॅप का इन्स्टिट्यूट लेव्हल?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी माझ्याच फाईलमधली प्रवेशाची पावती काढली, उलटी फिरवून माझ्यापुढं धरली आणि पेनाच्या टोपणानं एक ओळ दाखवली. इंग्रजीत बारीक अक्षरांत 'इन्स्टिट्यूट लेव्हल' छापलेलं होतं. तो कागद चार महिने माझ्याच पिशवीत होता. मग त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळाच्या, अर्जात प्रवेश कॅपमधून झाला का, असा एक रकाना असतो. त्यात एजंटनं 'होय' भरलं होतं. "हा अर्ज मी पुढं पाठवू शकत नाही हो दादा. पाठवला तर मी अडकेन, आणि तुमच्या बहिणीनं खोटी माहिती दिली असं होईल." त्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं. अशी चौथी फाईल आहे ही, म्हणाल्या, आणि चौघंही आपल्या मराठवाड्याचेच.

त्यांनीच आणखी एक गोष्ट बघायला लावली, त्यासाठी त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून एक ठिकाण आहे. आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला की तुमचं आधार सध्या कोणत्या बँकेला जोडलेलं आहे ते दिसतं. तिथं आमच्या गावच्या बँकेचं नाव नव्हतं. ज्या बँकेचं नाव होतं, तिथं आम्ही कधी पाऊल टाकलं नव्हतं. अंगठा आणि ओटीपी वापरून तिच्या नावानं खातं उघडलं होतं आणि आधार तिकडं जोडलं होतं.

हे नीट समजून घ्या. सरकारचा थेट लाभ पासबुकावरच्या खात्यावर येत नाही. तो आधारला शेवटचं जे खातं जोडलंय तिथं जातो, आणि अशी जोडणी एका वेळी एकाच बँकेला असते. त्या खात्यात काही जमा झालं असतं तर अंगठ्यावर काढूनही नेता आलं असतं. आमचं नशीब, पात्रच नव्हतो म्हणून काही आलं नाही. त्याच दिवशी आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. दुसऱ्या आठवड्यात गावच्या बँकेत फॉर्म देऊन जोडणी परत आणली.

मग वाटलं, शैक्षणिक कर्ज काढू. बँकेतले साहेब चांगले होते, पण त्यांचाही पहिला प्रश्न तोच: प्रवेश गुणवत्तेवर का कोट्यातून? केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्येच मंजूर झाली होती. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना विनातारण कर्ज, आणि ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. पण व्यवस्थापन कोट्यातल्या विद्यार्थ्याला तीही नाही. एका चुकीच्या दारानं आत गेलो आणि बाकीची दारं आपोआप लागली. बँकेच्या बाहेर एक जण भेटला, 'पाच हजार प्रोसेसिंग द्या, कर्ज मंजूर करून आणतो' म्हणाला. त्याला मी जागेवर हाकललं. कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मीच्या संकेतस्थळावरून आपला आपल्याला करता येतो, मंजुरी बँक देते. मधल्या माणसाचं तिथं काही काम नाही.

जानेवारीत धाकटीनं कॉलेज सोडलं. ते तिनंच ठरवलं. "दादा, अजून तीन वर्षं असंच भरणार का आपण?" एवढंच म्हणाली. प्रवेश रद्द करून पैसे परत मिळण्याची मुदत कधीच उलटून गेली होती. मुदतीच्या आत रद्द केला असता तर किरकोळ कपात करून फी परत मिळाली असती, हेही तेव्हा कळलं. मूळ कागद देताना कॉलेज आधी टाळाटाळ करत होतं. विद्यार्थ्याचे मूळ कागद संस्थेला अडवून ठेवता येत नाहीत, असा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम आहे. तो अर्जात लिहून प्राचार्यांकडं दिला, आवक शिक्का मारून पोच घेतली, तेव्हा पाचव्या दिवशी टीसी हातात आली.

एजंटच्या ऑफिसच्या जागी आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. फोन बंद. साडेअकरा हजार ऑनलाइन गेले होते म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन पाच महिने झाले होते. हा नंबर लगेच फिरवला तरच रक्कम रोखण्याची आशा असते. रोख दिलेल्या चाळीस हजारांची एक चिठ्ठीसुद्धा आमच्याकडं नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, जबाब झालेत. २०२४ च्या ऑक्टोबरात सोयाबीन आलं तेव्हा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि आडतीत भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. त्या भावानं ८६,५०० म्हणजे एकवीस क्विंटलच्या वर माल. आमच्या रानात तेवढं पिकवायला तीन एकर लागतात. शेठच्या उचलीची पट्टी मी माझ्याच हातानं अप्पांच्या नावावर फाडली.

२०२५ ला धाकटीनं सीईटी पुन्हा दिली. या वेळी कॅपचा अर्ज घरी बसून तिनं स्वतः भरला, कागद तपासायला आम्ही सरकारनं ठरवलेल्या सुविधा केंद्रात गेलो. पासवर्ड तिच्याच डोक्यात. जागा लागल्यावर अलॉटमेंट लेटर तिच्या लॉगिनमधून आम्हीच काढलं आणि त्यावर कॅपची फेरी लिहिली आहे का ते तिघांनी वाचलं. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. वर्षापूर्वी जी शाखा नको म्हणून सोडली, तीच. तिची तक्रार नाही. मला मात्र रात्री आठवतं.

फी माफ म्हणजे सगळंच माफ, असंही नाही. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तकं हा खर्च घरचाच, तो आधी धरून ठेवा. महाडीबीटीचा अर्ज दर वर्षी करावा लागतो, एकदा भरून भागत नाही. मुलगा असेल आणि खुल्या प्रवर्गातला असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून साधारण निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, तिथंही मर्यादा ८ लाख आणि तिथंही कॅपचाच प्रवेश लागतो. अनुसूचित जातीच्या पोरांना अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी स्वाधार योजना. आमच्या गल्लीतलं एक लेकरू स्वाधारवर शिकतंय, त्याला हे समाज कल्याणच्या ऑफिसातल्या एका क्लार्कनं फुकट सांगितलं. या सगळ्यासाठी महाडीबीटीवर अर्ज करायला किंवा समाज कल्याणकडं जायला कुणा एजंटची फाईल लागत नाही. दाखले आणि अर्ज भरायचे पैसे लागतात ते सेवा केंद्राच्या फलकावर लिहिलेले असतात, तेवढेच द्या आणि पावती घ्या.

'मी कॉलेजात शिष्यवृत्ती बसवून देतो' असं कुणी म्हणालं, तर पैसे काढायच्या आधी त्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर एकदा स्वतः जा आणि विचारा: ही जागा कॅपची आहे का संस्थेची? ह्या प्रश्नाला पैसे पडत नाहीत. मी ऑगस्टमध्ये विचारला असता तर धाकटी आज एक वर्ष पुढं असती.

पाटल्या अजून पतसंस्थेत आहेत. मार्चमध्ये व्याज भरून तारण पुन्हा फिरवून घेतलं. आई काही बोलत नाही, फक्त लग्नकार्याला निघताना हातात काचेच्या बांगड्या भरते.