जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? विदर्भातल्या गावाकडून पाहिलेले दोन कोर्स

आधी हिशेब. एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी) २ वर्षांचे, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) ३ वर्षांचे, बीएस्सी नर्सिंग ही पदवी ४ वर्षांची. जीएनएम झाल्यावर पदवी हवी असेल तर पोस्ट बेसिक बीएस्सीची आणखी २ वर्षे. म्हणजे 'लवकर उरकते' म्हणून खपवला जाणारा जीएनएमचा रस्ता पदवीपर्यंत नेला तर ५ वर्षांचा भरतो. एएनएमपासून पायरी पायरीने चढायचे म्हटले तर ७ वर्षे. थेट बीएस्सी ४ वर्षांत हातात. हे गणित माहितीपत्रकात कोणी मांडून देत नाही.

अमेरिकेत दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्यांसाठी साधारण १२ ते १८ महिन्यांचा नर्सिंग पदवीचा वेगवान कोर्स असतो. ते ऐकून आपल्याकडे बरेच जण विचारतात, मुलगी वनस्पतिशास्त्रात बीएस्सी झाली आहे, तिला दुसऱ्या वर्षाला घेतील का? नाही घेत. आपल्याकडे तिलाही पहिल्या वर्षापासूनच बसावे लागते. आपल्याकडचा 'जलद' पर्याय म्हणजे फार तर जीएनएम. 'घरबसल्या नर्सिंग' किंवा सहा महिन्यांचे सर्टिफिकेट यांना त्यात धरू नये. जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स वाईट नाही, पण तो रुग्ण सहायकाचा आहे. त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नर्स म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर सरकारी भरतीचा अर्जही नाही.

पात्रतेतच निम्म्या जणींचा निर्णय होऊन जातो. बीएस्सीला बारावी विज्ञान, त्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, खुल्या गटाला ४५ टक्के, शिवाय राज्याची सीईटी. जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजीसह ४० टक्के पुरतात. दोन्हीकडे प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवे. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखाच नसेल तर कला शाखेतल्या मुलीला जीएनएम हा सरळ आणि मानाचा रस्ता आहे. फक्त पहिल्या वर्षाचे बायोसायन्स तिला जड जाते. शरीररचना आणि सूक्ष्मजीवशास्त्र दोन्ही त्यातच येतात, पुस्तके इंग्रजीत. प्रवेशाआधीच्या सुट्टीत नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तके पुन्हा वाचून काढली तरी पहिली घटक चाचणी सुसह्य होते.

नोकरीच्या बाजूने पाहू. सरकारी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदाला जीएनएम आणि बीएस्सी दोन्ही चालतात, त्यामुळे 'जीएनएमला काही किंमत नाही' हे खोटे. फरक पुढे पडतो. नागपूरच्या मिहानमधल्या एम्ससकट सगळ्या एम्सची नर्सिंग ऑफिसर भरती नॉरसेट परीक्षेतून होते. तिथे बीएस्सीवाली पास होऊन नोंदणी केल्यावर लगेच अर्ज करू शकते. जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. गावाजवळच्या २० खाटांच्या खासगी दवाखान्यात ५ वर्षे घासली तरी तो अनुभव इथे धरत नाहीत. म्हणून जीएनएम झाल्या झाल्या पहिली नोकरी निवडताना पगाराआधी खाटा मोजाव्यात. पाठ्यनिर्देशिका (नर्सिंग शिकवणारी शिक्षिका) व्हायचे किंवा एमएस्सी करायची तर पदवीला पर्याय नाही.

एएनएमबद्दल थोडक्यात. उपकेंद्रावरची आरोग्यसेविका हेच ध्येय असेल तर ते करावे. नियमानुसार सपाटीच्या भागात ५,०००, तर गडचिरोली-मेळघाटासारख्या आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. काम जबाबदारीचे आहे, पण रुग्णालयातल्या बढतीची शिडी त्याला नाही.

आता ज्यावर पैसे खर्च होतात आणि जिथे फसगत होते ती गोष्ट, म्हणजे वॉर्ड. कोर्सचे नाव कोणतेही असो, नर्स घडते ती खाटेजवळ. भारतीय नर्सिंग परिषदेचे मानक एका विद्यार्थ्यामागे ३ रुग्ण आणि किमान ७५ टक्के खाटा भरलेल्या, असे आहे. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला हे लावून बघा. ७५ टक्के म्हणजे २२-२३ रुग्ण, म्हणजे एका वेळी सात विद्यार्थिनींची सोय. तिथे चाळीस जणींची तुकडी उतरवली तर एक इंजेक्शन देणार आणि बाकीच्या बघणार. प्रसूतीच्या केस बुकमध्ये, म्हणजे स्वतः हाताळलेल्या रुग्णांच्या नोंदवहीत, मग एकमेकींच्या नोंदी उतरवल्या जातात. बऱ्याच कॉलेजांच्या इमारती चकचकीत असतात, घोडे पेंड खाते ते इथे.

चांगल्या पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या नेमणुकीत, काय शिकायला मिळते याचा एक नमुना. सर्पदंशाचा रुग्ण पावसाळ्यात विदर्भात कुठेही येतो. त्याचे २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, नळी २० मिनिटे न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करायची. रक्त गोठले नाही तर विष रक्तावर उतरले आहे. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल तर चांगले रक्तही गोठत नाही आणि निकाल चुकतो. ही खोच पुस्तकात एका ओळीची असते, हातात बसते ती वॉर्डात. कापूस पट्ट्यात फवारणीच्या विषबाधेचे रुग्ण, पूर्व विदर्भात सिकलसेल आणि मलेरिया, मेळघाटात कुपोषित बाळे. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये, सेवाग्रामचे कस्तुरबा, सावंगी मेघेचे विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, यवतमाळ आणि अकोल्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये इथे अशा रुग्णांची वानवा नसते. अशा रुग्णालयातली जीएनएम ओस पडलेल्या वॉर्डाच्या बीएस्सीपेक्षा सरस, हे मी ठामपणे सांगेन.

पाहणी कशी करायची? कॉलेजात जाण्याआधी ते ज्या रुग्णालयाचे नाव सांगतात तिथे सकाळी नऊच्या सुमारास जावे. गणवेशातल्या मुली दिसतात का, सोबत शिकवणारी मॅडम आहे का, तुझ्याकडे आज कोणते रुग्ण आहेत असे विचारल्यावर मुलगी खाट क्रमांक सांगते का. एखादीला विचारावे, ५०० मिली सलाईन ८ तासांत, २० थेंबांचा सेट (१ मिलीला २० थेंब), मिनिटाला किती थेंब? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलीने २१ म्हणायला हवे. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटे, एवढेच तर आहे. मग वसतिगृह ते वॉर्ड अंतर आणि रात्रपाळीला नेण्या-आणण्याची गाडी. एसटीच्या भरवशावर रात्रपाळी होत नाही. बीएस्सीच्या आठव्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप असते, तेव्हा हा प्रश्न रोजचा होतो.

'हजेरीचे बघून घेऊ, परीक्षेला या' असे कोणी म्हणाले तर तिथूनच उठावे. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के भरून द्यावे लागतात.

फीबाबत एकच मोठी गोष्ट. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक पदवीच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे, पण प्रवेश सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असेल तरच. एजंटाने संस्थास्तरावर 'पक्की' केलेली सीट या सवलतीत बसत नाही. त्यामुळे पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून घाबरून डोनेशन भरण्यापेक्षा पुढच्या फेऱ्यांची वाट पाहणे स्वस्त पडते. नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र यांची तयारी अकरावीतच लावावी. वैधतेची फाईल निकालानंतर टाकली तर वेळेत हाती येईलच असे नाही.

बंगळुरूकडच्या कॉलेजांसाठीही एजंट गावोगाव फिरतात. तिकडे शिकायला हरकत नाही, मात्र आधी त्या राज्याच्या कौन्सिलमध्ये नोंदणी, मग तिथले ना-हरकत आणि पडताळणी, मग महाराष्ट्रात नोंदणी, असा वळसा पडतो. त्या काळात इथली भरती निघाली तर अर्ज हुकतो. आणि कुठेही प्रवेश घेतला तरी मूळ गुणपत्रिका व टीसी देताना कॉलेजच्या शिक्क्याची पोच घ्यावी, प्रत्येक कागदाच्या तीन-चार साक्षांकित प्रती घरी ठेवाव्यात. प्रवेश रद्द करताना अडवणूक होते ती याच कागदांवरून.