नवी बीएमडब्ल्यू एम५: वजनाची तक्रार खरी, पण अर्धीच

२,४३५ किलो. जी९० पिढीच्या एम५बद्दल जितका वाद झाला, त्यातला बहुतेक या एकाच आकड्यावरून. आधीची एफ९० पिढी १,८५५ किलोंची होती, म्हणजे नवी गाडी अर्ध्या टनाहून अधिक जड. इंजिन ४.४ लिटरचं ट्विन टर्बो व्ही८, त्याला चार्ज करता येणाऱ्या बॅटरीवरच्या इलेक्ट्रिक मोटरची जोड, आणि दोन्ही मिळून ७२७ हॉर्सपॉवर आणि १,००० न्यूटन मीटर टॉर्क. एवढं सगळं असूनही शून्य ते शंभरला कंपनीच्याच आकड्याप्रमाणे ३.५ सेकंद लागतात. ६०० हॉर्सपॉवरची एफ९० तेच ३.४ सेकंदांत करायची. टनामागे हॉर्सपॉवर काढली तर जुनीची ३२३ येते आणि नवीची २९९. चाहत्यांचा वैताग समजण्यासारखा आहे.

पण याच आकड्यांत थोडं पुढे पाहिलं की चित्र बदलतं. शून्य ते दोनशेला नवी १०.९ सेकंद घेते, जुनी ११.१. जड गाडी सुरुवातीला किंचित मागे पडते आणि वेग वाढला की पुढे जाते. सरळ रस्त्यावर वजन झाकलं जातं यात शंका नाही. ते उघडं पडतं ब्रेकवर, टायरवर आणि एकामागून एक येणाऱ्या उलटसुलट वळणांवर. गाडी घ्यायची की नाही हे याच तीन ठिकाणी ठरवावं, शून्य ते शंभरच्या आकड्यावर नाही.

मोटर वेगळ्या ॲक्सलवर न लावता आठ गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आवरणातच बसवली आहे, हा या गाडीतला सगळ्यात शहाणा निर्णय. मोटरचा मूळ टॉर्क २८० न्यूटन मीटर, पण पुढे टॉर्क वाढवणारी दातेरी चाकांची एक पायरी दिल्यामुळे गिअरबॉक्सला ४५०पर्यंत टॉर्क मिळतो. शिवाय ही ताकद गिअरमधूनच जात असल्याने मोटरवर चालतानाही चारही चाकं ओढतात आणि १४० किमीपर्यंतचा वेग इंजिनाशिवाय गाठता येतो. टर्बोत हवेचा दाब भरेपर्यंतची ती अर्ध्या क्षणाची पोकळी मोटर भरून काढते. दुसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या वळणावर पाय दाबला की हे सगळ्यात स्पष्ट कळतं: जुन्या गाडीत आधी श्वास घेतल्यासारखं व्हायचं, इथे टॉर्क तिथल्या तिथे हजर.

एकट्या इंजिनाची ताकद ५८५ हॉर्सपॉवर आणि ७५० न्यूटन मीटर. आवाज मात्र निम्मा बाहेरून आणि निम्मा स्पीकरमधून येतो. जुन्या एम५ पिढ्यांपैकी ई३९ची ४.९ लिटर व्ही८ किंवा ई६०ची मिनिटाला ८,२५० फेऱ्यांपर्यंत किंचाळणारी व्ही१० ज्यांच्या कानात आहे, त्यांना हा आवाज बेतलेला वाटणार. स्पीकरचा आवाज सेटिंगमध्ये बंद करता येतो. तो बंद करूनच ऐकावं, निदान जे उरतं ते खरं असतं.

आता सेटिंग. बरेच जण गाडी घेऊन महिनाभर नुसते मेन्यूत चाचपडत राहतात, म्हणून सरळ सांगतो. स्टिअरिंगवर एम१ आणि एम२ अशी सेटिंग साठवून ठेवायची दोन बटणं आहेत. एम१ रोजच्या रस्त्यासाठी ठेवा: इंजिन स्पोर्ट, सस्पेन्शन कम्फर्ट, स्टिअरिंग कम्फर्ट, ब्रेक कम्फर्ट, फोर व्हील ड्राइव्ह साध्या मोडवर. एम२ मोकळ्या घाटासाठी: इंजिन स्पोर्ट प्लस, फोर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट, स्थिरता नियंत्रण एम डायनॅमिकवर, म्हणजे थोडं सैल. सस्पेन्शन मात्र स्पोर्टच्या वर नेऊ नका. यात हवेवर चालणारं सस्पेन्शन नाही, स्टीलच्या स्प्रिंग आणि इलेक्ट्रॉनिक डँपर आहेत. एवढ्या वजनाला आवरायला मुळातच कडक स्प्रिंग लागते, आणि त्यावर स्पोर्ट प्लस लावलं की खडबडीत डांबरावर चाक रस्ता सोडून उडतं. मग पकड जाते, वेगही जातो. टू व्हील ड्राइव्ह मोड स्थिरता नियंत्रण पूर्ण बंद केल्याशिवाय मिळतच नाही, त्यामुळे तो बंद सर्किटसाठी राखून ठेवलेला बरा. १,००० न्यूटन मीटर एकट्या मागच्या टायरवर आले की ओल्या रस्त्यावर माफी नाही.

हायब्रिड मोडची निवड वेगळी करावी लागते आणि तिथे गोंधळ जास्त होतो. पुढे शहर लागणार असेल तर महामार्गावर ई-कंट्रोल लावा, बॅटरीतला साठा राखला जातो. लांबवर जोरात चालवायचं तर डायनॅमिक. डायनॅमिक प्लसमध्ये सगळी ताकद थोड्या वेळासाठी मिळते, ती सतत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. एखाद्या ओव्हरटेकपुरती सगळी ताकद हवी असेल तर डावं पॅडल सेकंदभर ओढून धरायचं, मेन्यूत शिरायची गरज नाही.

मोटरवर चालवण्याचा एक धोका माहितगार वारंवार सांगतात. इलेक्ट्रिकवर वीस मिनिटं शहर फिरून झालं, महामार्ग लागला आणि पाय तळाला गेला, तर थंड व्ही८ थेट भाराखाली सुरू होतो. तेल अजून घट्ट, बेअरिंगवर पातळ थर, टर्बोला पुरेसं तेल पोचायचं बाकी. उपाय सोपा: जोर लावायच्या आठ-दहा किलोमीटर आधी डायनॅमिकवर टाका, इंजिन चालू राहू द्या, तेलाचं तापमान ८० अंशांच्या वर गेलं की मग पाय दाबा. याउलट ज्यांचं इंजिन दिवसाला जेमतेम पाच मिनिटं चालतं, त्यांच्या तेलात ओल आणि न जळलेलं पेट्रोल साठत जातं. अशा गाडीचं तेल स्क्रीनवरच्या सूचनेची वाट न बघता वर्षातून एकदा बदलावं, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत.

बॅटरीत वापरता येण्याजोगे १८.६ युनिट (किलोवॅट-तास). नुसत्या विजेवरचा अधिकृत पल्ला सत्तर किलोमीटरच्या आत, प्रत्यक्षात त्याहून कमी. जलद डीसी चार्जिंग नाही. सुरुवातीच्या गाड्या एसीवर ७.४ किलोवॅटच घेतात, म्हणजे रिकाम्या बॅटरीला तीन तासांच्या वर. साध्या घरगुती सॉकेटवर रात्र जाते. घरी किंवा कामाच्या जागी चार्जरची सोय नसेल तर ही गाडी घेऊ नये असं स्पष्ट मत आहे, कारण मग बॅटरी हे नुसतं ओझं. त्यात टाकी ६० लिटरची, एफ९०ची ६८ होती. लांबच्या प्रवासात पंपावरचे थांबे वाढतात.

ब्रेकचा भाग बारकाईने बघण्यासारखा. पुढे ४१० मिलिमीटरची डिस्क आणि सहा पिस्टनचं कॅलिपर, मागे ३९८ची. हळू ब्रेकिंग बहुतेक मोटरच करते, त्यामुळे डिस्कला काम कमी मिळतं. पावसाळ्यात शहरातच फिरणाऱ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो, पॅडचा पृष्ठभाग चकचकीत होतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी पहिला दाब बोथट लागतो. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही हे पाहून, ऐंशी-नव्वदच्या वेगावरून तीन-चार वेळा घट्ट ब्रेक मारावेत. कार्बन सिरॅमिक डिस्कचा पर्याय सुमारे २५ किलो वाचवतो, तोही चाकाच्या जागचा, जिथे प्रत्येक किलो जाणवतो. सर्किटवर जाणार असाल तर घ्या. नसाल तर ते पैसे टायरला लागतील.

आणि लागतीलच. पुढे २८५/४० आर२०, मागे २९५/३५ आर२१. रुंदीच नाही तर रिमचा व्यासही वेगळा, म्हणून पुढचे टायर मागे फिरवून आयुष्य वाढवण्याची युक्ती इथे चालत नाही. हवा महिन्यातून दोनदा थंड टायरवर तपासा. टायरची बाहेरची कड शाबूत दिसली तरी आतली कड झिजलेली असते. सेकंडहँड गाडी बघताना स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने पुढची आतली कड पाहावी आणि मागची खाली वाकून. दोन बाजूंच्या झिजेत फरक दिसला तर अलाइनमेंटचा कागद मागावा.

आतल्या भागाबद्दल थोडक्यात: सीट उत्तम, वक्र स्क्रीन झकास, पण एसीसारख्या गोष्टीसाठी स्क्रीनमध्ये शिरायला लावणं चुकीचंच. डिकी ४६६ लिटर. १,९७० मिलिमीटर रुंदी हा रोजचा प्रश्न, जुन्या पार्किंगमध्ये दार अर्धंच उघडतं. मागची चाकं दीड अंशापर्यंत वळतात म्हणून यू-टर्न लांबीच्या मानाने सोपा जातो, रुंदीला मात्र काही इलाज नाही.

तुलना कोणाशी करायची? मर्सिडीज-एएमजीने सी ६३मध्ये व्ही८ काढून दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन घातलं आणि चाहते किती नाराज झाले ते सर्वांना माहीत आहे. त्यापुढे बीएमडब्ल्यूने आठ सिलिंडर राखले याचं श्रेय द्यायलाच हवं. मर्सिडीजचीच हायब्रिड एस ६३ ई परफॉर्मन्स ८०२ हॉर्सपॉवरची आहे, पण तिची मोटर मागच्या ॲक्सलवर असल्याने डिकी ३०५ लिटरवर येते, आणि स्वभावाने ती मागच्या सीटवरच्या मालकाची गाडी. ज्यांना वजन मुळातच नको, त्यांच्यासाठी कॅडिलॅक सीटी५-व्ही ब्लॅकविंग आहे: ६.२ लिटर सुपरचार्ज्ड व्ही८, सहा गिअरचं मॅन्युअल, नुसती मागची चाकं, वजन १,८७० किलोंच्या आसपास. तिच्या आतल्या भागात एम५ची नजाकत नाही आणि ती चार्जही होत नाही. पण दोन्ही गाड्या एकाच घाटात, एकाच दिवशी चालवून पाहायची संधी मिळाली तर आधी एम५ चालवा. ब्लॅकविंगमधून उतरून लगेच एम५मध्ये बसलात तर पहिल्या दोन वळणांत फक्त वजनच जाणवेल, आणि तिचं खरं कसब त्यानंतर सुरू होतं.