हॅमंड ऑर्गनच्या ॲम्प्लिफायरची स्टिरिओ जोडी : एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

आधी खुलासा. सांगलीत ऑर्गन म्हटलं की नाट्यसंगीताच्या साथीचा, पायाने भाता चालवायचा ऑर्गन डोळ्यांसमोर येतो. त्यात व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) नसतात. उगाच कुणाचा वाजता ऑर्गन उघडू नका. हा अनुभव आहे हॅमंड एम-३ (१९५५ ते १९६४) या विजेवरच्या अमेरिकन ऑर्गनमधून निघालेल्या एओ-२९ ॲम्प्लिफायरच्या दोन चासींचा (चासी म्हणजे सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा). प्रत्येकीत ६व्ही६ या पॉवर व्हॉल्व्हची पुशपुल (आळीपाळीने काम करणारी) जोडी आणि ५यू४ रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह). एक चासी म्हणजे एक चॅनल, त्यामुळे स्टिरिओला दोन लागतात.

अख्खा ऑर्गन आणायच्या भानगडीत पडू नये. त्यातली स्वरचक्रं (सूर निर्माण करणाऱ्या चकत्या) सिंक्रोनस, म्हणजे पुरवठ्याच्या हर्ट्झनुसार चालणारी, मोटर फिरवते आणि ती मोटर ६० हर्ट्झची आहे. आपल्या ५० हर्ट्झवर सगळे सूर पाच षष्ठांशावर उतरतात, म्हणजे सा दाबला की मंद्रातला शुद्ध ध ऐकू येतो. ॲम्प्लिफायरला ही अडचण नाही. पण ५० हर्ट्झ त्यालाही सोडत नाही, फक्त वेगळ्या ठिकाणी गाठतो.

या चासीत पैसे मोजायचे ते लोखंडाचे: पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर. पॉवर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी सुमारे ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झची. गाभ्यातला चुंबकीय भार व्होल्ट भागिले हर्ट्झ या प्रमाणात चालतो. तो मूळइतकाच ठेवायचा तर ५० हर्ट्झवर ९७ व्होल्टच द्यावे लागतील, आणि मग फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) उपाशी राहतील. म्हणून मधला मार्ग: स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टचा करून घ्यायचा, १२०चा नको. ऑर्गनच्या प्रीॲम्प आणि व्हायब्रेटोचे व्हॉल्व्ह काढून टाकल्याने ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवरचा भार घटतो आणि व्होल्टेज वर जातं. ११० वर ते आपोआप ६.३ ते ६.४ ला बसतं. १२० दिले तर ६.९ च्या पुढे जातं, म्हणजे दहा टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. दोन्ही चासींना मिळून ३०० व्हीएचा स्टेप-डाउन पुरतो. मोटर वाइंडिंगवाल्याला २३० आणि २४५ असे दोन टॅप काढायला सांगा. रात्री उशिरा शेतीपंप बंद झाले की पुरवठा चढतो, तेव्हा २४५च्या टॅपवर जाता येतं. यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी दुसरा बदल नाही.

आणखी एक: चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर हे लावू नका. ट्रान्सफॉर्मर घरघरतो, ती घरघर स्पीकरमध्येही उतरते. लाईट गेली की गाणं बंद, हेच बरं.

चासी हातात आल्यावर लगेच वीज देऊ नये. वाइंडिंगवाल्याकडे मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) असतो. ५०० व्होल्टवर प्रायमरी ते गाभा, हायटेन्शन (उच्च व्होल्टेजचं वाइंडिंग) ते गाभा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी ते गाभा असं मोजून घ्या. वीस मेगओहमच्या खाली आलं तर ट्रान्सफॉर्मरने ओल धरली आहे. खोक्यात ६० वॅटचा साधा बल्ब लावून काही दिवस सुकवा आणि पुन्हा मोजा. कृष्णाकाठच्या तळमजल्यावर ठेवलेल्या कुठल्याही जुन्या ट्रान्सफॉर्मरला हेच लागू. त्यानंतर पहिली वीज १०० वॅटच्या सिरीज बल्बमधूनच, रेक्टिफायर काढून. बल्ब विझत नसेल तर आतला शॉर्ट आधी शोधा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर अंदाजाने धरू नये. सेकंडरीला १ व्होल्ट एसी द्या आणि प्रायमरीच्या दोन टोकांत मोजा. ३२ व्होल्ट आले तर ३२चा वर्ग गुणिले ८ ओहम, म्हणजे सुमारे ८ किलोओहम. ६व्ही६च्या जोडीला हे योग्य. डेटाशीटप्रमाणे २८५ व्होल्टवर ८ किलोओहमला १४ वॅट, २५० व्होल्टवर १० किलोओहमला १० वॅट मिळतात. आपल्याला दहा मिळाले तरी चैन.

बाकी सर्किट सोलून काढलं. जुने कागदी कपॅसिटर सगळे बाद, त्यात दयामाया नाही. त्यातून डीसी गळला की ६व्ही६च्या ग्रिडवर (आतला प्रवाह आवरणारी जाळी) धन व्होल्टेज येतं, प्लेट (प्रवाह गोळा करणारा पत्रा) लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. मेन्सच्या तारेपासून चासीला जोडलेला कपॅसिटर असेल तर तोही काढा. तीन पिनी वायर, चासीला पक्कं अर्थिंग आणि ११० च्या बाजूला दीड अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज.

नवं सर्किट मुद्दाम साधं ठेवलं. एक १२एएक्स७: पहिला अर्धा भाग व्होल्टेज वाढवतो, दुसरा फेज स्प्लिटर, म्हणजे सिग्नलच्या एकमेकांना उलट्या दोन प्रती करणारा. पहिल्याच्या प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला (प्रवाह सोडणारं टोक) १.५ किलोओहम, त्यावर १०० मायक्रोफॅरड, आणि खाली १०० ओहम. फीडबॅक (आउटपुटमधून परत आणलेला थोडा सिग्नल) या १०० ओहमवर येतो. स्प्लिटरच्या प्लेटला आणि कॅथोडला ५६ किलोओहम, दोन्ही एक टक्क्याचे. त्याचा बायस १.५ किलोओहमचा, ग्रिडला १ मेगओहम. कपलिंग ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, पॉलिप्रॉपिलिन. ६व्ही६च्या ग्रिडला २२० किलोओहम आणि अगदी पिनेपाशी ४.७ किलोओहम, स्क्रीनला ४७० ओहम, २ वॅट. प्रत्येक कॅथोडला स्वतंत्र ५१० ओहम, ५ वॅट आणि १०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. एकच सामाईक रेझिस्टर लावला तर कोणता व्हॉल्व्ह म्हातारा झाला हे कळत नाही.

हिशेब असा: कॅथोडवर १८ व्होल्ट म्हणजे ३५ मिलिअँपिअर. स्क्रीनचे दोन वजा केले, प्लेट ते कॅथोड २७० व्होल्ट धरले, तर प्लेटवर सुमारे ९ वॅट. मूळ ६व्ही६ची मर्यादा १२. इतकं अंतर ठेवलं तर व्हॉल्व्ह टिकतात.

५यू४ला लागून पहिला फिल्टर कपॅसिटर ३३ मायक्रोफॅरडचा, ४५० व्होल्ट. मोठा कपॅसिटर म्हणजे कमी हम (विजेची गुणगुण), या समजुतीने इथे १०० लावणारे रेक्टिफायर जाळतात. ४०च्या वर जाऊ नये. पुढे ४७चे दोन टप्पे. बाजूला २२० किलोओहम, २ वॅटचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर). स्विच बंद केल्यावर एक मिनिटाने व्होल्टेज पन्नासच्या खाली येतं, तरी मीटर लावल्याशिवाय हात घालायचा नाही.

फीडबॅक सेकंडरीवरून २.२ ते २.७ किलोओहममधून, साधारण ८ डेसिबल. जोडल्यावर ॲम्प किंचाळला तर प्लेटच्या दोन तारा अदलाबदल करा. जास्त फीडबॅकचा मोह टाळा. हा ट्रान्सफॉर्मर ऑर्गनसाठी बनला आहे, वरच्या टोकाला त्याची फेज लवकर सरकते आणि ऐकू न येणारं आंदोलन सुरू होतं. प्लेट तापते, आवाज खरखरीत होतो, कारण सापडत नाही. आवाजाच्या पॉटवर (कमीजास्त करायची फिरकी) ०.६ व्होल्ट आले की पूर्ण ताकद मिळते, त्यामुळे २ व्होल्टचा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) सरळ जोडता येतो.

हमने सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. १०० हर्ट्झचा हम म्हणजे फिल्टर, ५० हर्ट्झचा म्हणजे फिलामेंट किंवा अर्थचं वेटोळं. आधी एवढं वेगळं केलं की निम्मं काम होतं. दोन चासी, दोन्हींना अर्थिंग, आणि डॅकच्या तारांची जाळी दोन्हींना जोडणारी: वेटोळं तयारच. उपाय म्हणून सिग्नलचा ग्राउंड चासीला थेट न जोडता १० ओहममधून जोडला, त्याला समांतर उलटसुलट दोन डायोड. चासीचं अर्थिंग मात्र तोडायचं नाही, कितीही हम आला तरी. फिलामेंटच्या वाइंडिंगला मध्यबिंदू नसेल तर १०० ओहमचे दोन रेझिस्टर लावून तो तयार करा.

आता वापराबद्दल. ९० डेसिबलच्या वरच्या संवेदनशीलतेचे स्पीकर असतील तर दहा बाय चौदाच्या खोलीत दहा वॅट भरपूर होतात. ८५-८६च्या छोट्या बुकशेल्फवर मात्र ढोलकीची थाप दबते. आवाजाची खासियत मधल्या पट्टीत आहे. तानपुऱ्याची जवारी ही माझी कसोटी; मिरजेत तानपुरा प्रत्यक्ष ऐकलेला कान लगेच फसवणूक ओळखतो. इथे तारेचा झणकार सुटा राहतो आणि गायकाच्या गळ्याखाली नीट बसतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८च्या तबकड्यांवरून केलेल्या प्रतींत खरखर पुढे येत नाही, कारण वरचं टोक मुळातच मवाळ आहे. तोच मवाळपणा झांज आणि संतूर ऐकताना खटकतो. मोनो ध्वनिमुद्रणात गायक दोन स्पीकरच्या मधोमध दिसत नसेल आणि खर्ज पातळ वाटत असेल, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडा.

पावसाळ्यात पॉट करकरले आणि एका व्हॉल्व्हच्या बेसमध्ये चरचर आली. पिनांच्या पकडी सुईने आवळून, क्लीनर मारून ती गेली. कॅथोडची व्होल्टेजं दर महिन्याला वहीत लिहावीत. जोडीतल्या दोघांत दोन व्होल्टांहून जास्त फरक पडला की जागा बदलून पाहायचं. फरक व्हॉल्व्हसोबत फिरला तर व्हॉल्व्ह, जागेवरच राहिला तर कपलिंग कपॅसिटर. उन्हाळ्यात दोन चासी मिळून खोलीत छोटा हीटर लावल्यासारखं होतं. एप्रिलच्या दुपारी हे लावणं म्हणजे हट्टच. बंद कपाटात तर मुळीच ठेवू नये. खालून जाळीचा पत्रा लावा, नाहीतर ऊबेला पाल आत शिरते आणि ३०० व्होल्टवर स्वतःही जाते, फ्यूजही नेते.

सुट्या भागांची चिंता कमी. ६व्ही६ आणि १२एएक्स७ आजही नवे बनतात. जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) ईसीसी ८३ मिळाला तर सोडू नका, तो १२एएक्स७च्या जागी बसतो. फिलामेंटचे ६.३ व्होल्ट द्यायचे ते एका बाजूला ४ आणि ५ हे पिन एकत्र करून आणि दुसऱ्या बाजूला ९ वर, हे तेवढं तपासा. ५यू४ मात्र एक शिल्लक ठेवा.