एकच संध्याकाळ, दोन सिनेमे आणि कॅरोल लोम्बार्ड

दोन्ही सिनेमे कृष्णधवल, दोन्ही शंभर मिनिटांच्या आत आटोपणारे, दोन्हींत नाटकवाल्यांची बिलंदर टोळी आणि दोन्हींत कॅरोल लोम्बार्ड नटीच्याच भूमिकेत. हॉवर्ड हॉक्सचा 'ट्वेंटिएथ सेंच्युरी' १९३४ चा, अर्न्स्ट लुबिचचा 'टू बी ऑर नॉट टू बी' १९४२ चा. संध्याकाळ एकच असेल तर कोणता लावायचा? आरडाओरडा तुम्हाला किती वेळ सोसतो, त्यावर बरंचसं ठरेल.

'ट्वेंटिएथ सेंच्युरी' हे त्या काळी शिकागो ते न्यूयॉर्क धावणाऱ्या आलिशान रेल्वेगाडीचं नाव. पण गाडी सुटण्याआधीच बराच सिनेमा होऊन जातो, आणि मला तोच भाग जास्त आवडतो. ब्रॉडवेचा निर्माता-दिग्दर्शक ऑस्कर जॅफी (जॉन बॅरीमोर) मिल्ड्रेड प्लॉटका नावाची एक नवखी पोरगी हेरतो आणि तिची लिली गार्लंड करून टाकतो. तालमीत तिनं कुठून कुठं चालायचं ते खडूनं आखत जातो. थोड्या वेळानं रंगमंचावर नुसतं रेघांचं जाळं. किंकाळी मनासारखी निघेना, तर मागून सरळ टाचणी टोचतो. निघते मग! एकांकिका स्पर्धेच्या तालमी ज्यांनी सोसल्यात, त्यांना हा माणूस कुठंतरी भेटलेला असेल.

पुढं ती हॉलिवूडची तारका होते, त्याची नाटकं धडाधड पडतात आणि देणेकऱ्यांना चुकवून तो ज्या गाडीत शिरतो त्याच गाडीत ती निघते. करारावर तिची सही मिळवायची, एवढंच उरलेलं कथानक. त्यासाठी जॅफी एकही सोंग बाकी ठेवत नाही. शिवाय दिसेल तिथं 'पश्चात्ताप करा'च्या चिठ्ठ्या चिकटवत फिरणारा एक वेडसर म्हातारा आहे, तो वेगळाच. अडचण एवढीच, की सगळे एकमेकांच्या वाक्यांवर वाक्यं टाकतात, सबटायटलशिवाय अर्धं निसटतं. आणि यातल्या कुणाबद्दलही माया वाटत नाही. तशी ती वाटावी अशी हॉक्सची इच्छाही दिसत नाही.

लुबिचकडं प्रकरण निराळं. नाझींनी घेतलेलं वॉर्सा, त्यात अडकलेली नाटक कंपनी. कंपनीचा हॅम्लेट जोसेफ टूरा (जॅक बेनी) ते सुप्रसिद्ध स्वगत सुरू करतो न करतो, तोच प्रेक्षकांतला एक तरुण वैमानिक उठून चालू लागतो. तो निघालेला असतो टूराच्या बायकोच्या, म्हणजे लोम्बार्डच्या, मेकअपच्या खोलीत. बायकोपेक्षा त्या रिकाम्या खुर्चीचं दुःख नवऱ्याला मोठं! मग याच फुशारक्या नटांना खऱ्या नाझींपुढं खोटे नाझी व्हावं लागतं, आणि तिथं वाक्य चुकलं तर जीवच जाणार. ग्रीनबर्ग नावाचा एक दुय्यम नट मात्र नीट बघा. हातात भाला धरून उभं राहण्यात त्याचं आयुष्य चाललंय, मनात शायलॉक, शेक्सपिअरच्या नाटकातला ज्यू सावकार. ते भाषण त्याच्या तोंडी येतं तेव्हा हसू घशातच अडकतं.

त्या काळी अनेक समीक्षकांना हा विनोद झोंबला होता. युद्ध चालू असताना वॉर्साची थट्टा कसली करता, म्हणून. लुबिच स्वतः बर्लिनचा ज्यू होता, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं. लोम्बार्डला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. सिनेमा लागण्याआधीच, जानेवारी १९४२ मध्ये, युद्धरोख्यांच्या प्रचारावरून परतताना तिचं विमान कोसळलं. वय ३३.

तेव्हा एकच बघणार असाल तर लुबिचचा. घरच्यांसोबत बसणार असाल तरी तोच. नाटकाच्या ग्रुपमधली चार टाळकी जमणार असतील तर मात्र बिनधास्त गाडी पकडा. टाचणीचा प्रवेश दोनदा लावायला सांगतील. दोन्ही बघायचे ठरले तर आधी १९३४ चाच. लुबिचची हलकी कुजबुज ऐकून झाल्यावर बॅरीमोरचा आवाज कानाला फार मोठा लागतो.