टर्बो रोटरीवर वाइडबँड मीटर आणि बूस्ट कंट्रोलर: हिवाळा ते पावसाळा

आधी निकाल सांगतो, पाल्हाळ नंतर. वाइडबँड मीटर (धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं मिश्रण दाखवणारं) घ्याच. इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर (टर्बोचा हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, वाढवणारा) मागाहून घेतला तरी चालतो. बरेच जण नेमकं उलटं करतात, कारण बूस्ट वाढलेला लगेच पाठीला जाणवतो आणि मिश्रण बिघडलेलं कुणाला दिसत नाही.

गाडी माझदाची आरएक्स-७ एफडी, आम्हा तिघा मित्रांची मिळून, फक्त ट्रॅकसाठी. इंजिन १३बी रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी रोटर, ६५४ सीसीचे दोन. मूळच्या दोन टर्बोंऐवजी एकच टर्बो, बाहेरचा वेस्टगेट (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी स्प्रिंगची झडप) आणि स्टँडअलोन ईसीयू (इंजिनचा वेगळा, हवा तसा बसवता येणारा कंप्युटर) आधीपासून होते. त्यावर दिवाळीनंतर बॉशच्या एलएसयू ४.९ सेन्सरचं मीटर आणि तीन पोर्टचा बूस्ट सोलेनॉइड (विजेवरची झडप, हाच आमचा बूस्ट कंट्रोलर) चढवला. (सेन्सर बॉशचा म्हटल्यावर ‘मग सातपूरच्या मिकोतून आणू की’ असं आमच्यातला एक म्हणाला. मिको म्हणजे नाशिकचा बॉशचा कारखाना; तिथे डिझेलची कामं होतात बाबा, हे नाही.)

पिस्टनवाल्या टर्बो गाड्यांचे आकडे रोटरीला लावू नका. पिस्टन इंजिन थोडं नॉक झालं (मिश्रण आपोआप भडकलं) तरी बरेचदा निभावून नेतं. इथे रोटरच्या तिन्ही टोकांना जेमतेम २ मिलिमीटर जाडीची अपेक्स सील असते. जोरात नॉक झालं की ती तुटते, तुकडा हाउसिंग ओरबाडत बाहेर पडतो आणि जाता जाता टर्बाइनची पातीही खातो. आवाज कानावर येईपर्यंत खर्च झालेला असतो. म्हणून आम्ही पूर्ण बूस्टवर लॅम्डा ०.७६ ते ०.७८ ठेवतो (१ म्हणजे नेमकं पुरतं जळणारं मिश्रण, त्याखाली पेट्रोल जास्त) आणि ठिणगीचं टायमिंगही हात राखूनच. थोडं पेट्रोल जास्त जळतं, जळू दे.

सेन्सर बसवायचं काम नाशिकच्या अंबडला केलं. आर्गन वेल्डिंगवाले दादा आटेवाला नट पाइपच्या खालच्या अंगाला लावायला निघाले होते, तिथे टॉर्च सोयीने जात होती. त्यांना थांबवलं. थंड इंजिन सुरू केलं की एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं, ते तापलेल्या सेन्सरवर गेलं की आतलं सिरॅमिक तडकतं. नट वरच्या बाजूला, तिरका, आणि टर्बाइननंतर बराच लांब बसवला, कारण रोटरीचा धूर फार तापलेला असतो.

मीटरचे पैसे कुठे वसूल झाले म्हणाल तर पेट्रोलमध्ये. आमचा जुना मॅप (किती पेट्रोल सोडायचं याचा ईसीयूतला तक्ता) इथेनॉल १० टक्के असतानाचा. आता पंपावर २० टक्केवालं मिळतं. शुद्ध पेट्रोलला पुरतं जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्केवाल्याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे मॅप तोच ठेवला तर इंजिन तीन-चार टक्के लीन (पेट्रोल कमी) चालणार, आणि तेही ऐन बूस्टमध्ये. मीटरवर हे पहिल्याच लॉगमध्ये दिसलं. मीटर लावाल तेव्हा डिस्प्ले एएफआरवरून (हवा-इंधनाच्या वजनाचं प्रमाण) लॅम्डावर बदलून घ्या. एएफआरचा आकडा १४.७ धरूनच छापलेला असतो, त्यामुळे ११.५ दिसलं तरी टाकीत काय आहे त्यावर खरं प्रमाण वेगळं असतं. लॅम्डाला इंधन कुठलं याने फरक पडत नाही.

पण मीटरवर डोळे मिटून विश्वास नको. मिश्रण फारच रिच (पेट्रोल जास्त) होऊन ठिणगी हुकली, तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि मीटर म्हणतं, लीन आहे. ते बघून आणखी पेट्रोल ओतलं की प्रकरण चिघळतं. दुसरं, सेन्सर एकच आणि रोटर दोन. एक ०.७४ वर आणि दुसरा ०.८२ वर असला तरी काटा ०.७८ दाखवून मोकळा. मारकुटा आणि शहाणा अशा दोन भावांची सरासरी काढून ‘मुलं शांत आहेत’ म्हणण्यातला प्रकार. त्यामुळे प्लग काढून बघणं आणि इंधनाच्या दाबाचा सेन्सर, दोन्ही हवंच. आमचा मूळ दाब ३ बार आहे, ०.८ बार बूस्टला तो ३.८ व्हायला हवा. तिथे घसरला तर गॅस सोडायचा, लॅम्डाची वाट बघायची नाही.

आता बूस्ट. इंधन आधी वेस्टगेटच्या नुसत्या स्प्रिंगवर, ०.७ बारला, पुण्यातल्या डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बसवून घेतलं. जानेवारीत, निफाडचा पारा गोठायला निघतो त्या दिवसांत, सोलेनॉइडची ड्यूटी (तो किती टक्के वेळ चालू ठेवायचा ते) शून्य असतानाही वरच्या आरपीएमला काटा ०.८५ कडे सरकत गेला. गार हवा दाट, आणि सगळा धूर बाजूने काढून द्यायला वेस्टगेट लहान. इथे कंट्रोलर काही करू शकत नाही. तो स्प्रिंगच्या वर बूस्ट नेतो, खाली आणत नाही. मोठा वेस्टगेट बसवल्यावरच ते थांबलं. उंचीचंही बघा: नाशिक सहाशे मीटरच्या आसपास, पुणंही साधारण तेवढंच, त्यामुळे तिथला मॅप इथे चालतो. कसारा उतरून खाली गेलात की गेजवरच्या त्याच ०.७ बारला इंजिनात हवा जास्त जाते. ईसीयूत टार्गेट अ‍ॅब्सोल्यूट दाबात, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, द्या.

तक्रारी किरकोळ. उन्हात डिस्प्ले वाचता येत नाही. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळत असाल तर सेन्सर लवकर मंदावतो, एक जादा जवळ ठेवा. ऑनलाइन विक्रेत्याने सील फोडलेला सेन्सर पाठवला आणि परत घ्यायला नकार दिला, तेव्हा पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

सध्या गाडी ०.८ बारवर आहे. एक बार करू, असा मित्रांचा आग्रह दर रविवारी असतो. दोन्ही रोटरच्या एक्झॉस्टला वेगवेगळे तापमानाचे सेन्सर बसेपर्यंत ड्यूटीला हात लागणार नाही.